पैशाला मोकळीक, हाताला बेडी

परदेशी नोकरीला गेलेल्या मुलाबद्दल आपल्या घरांत दोनच प्रश्न विचारले जातात. किती मिळवतो, हा पहिला. आणि परत केव्हा येणार, हा दुसरा. त्याला काय मिळवण्याची मनाई आहे, हा तिसरा प्रश्न कोणी विचारीत नाही. फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकांपुढे हा तिसरा प्रश्न ठेवणे कदाचित रसभंगाचे होईल. पण ज्यांची मुले, सुना, भाचरे या घटकेला न्यू जर्सीत किंवा टेक्सासात आहेत, अशीच घरे हा अंक वाचणार आहेत. तेव्हा रसभंगाचा दोष पत्करून मी बोलणार आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर मला विचारले, "सर, रात्रीचे दोन तास माझे की कंपनीचे?" मुलगा अमेरिकेत संगणकाच्या नोकरीत आहे. चित्रकलेत त्याचा हात शाळेपासूनच चांगला. पुण्याच्या एका प्रकाशकाने त्याला मुखपृष्ठे काढून मागितली होती. घरी बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर, जेवणखाण आटोपल्यावर करायचे काम. मोबदला बेताचा, पण काम हौसेचे. त्याने एका वकिलाला विचारले, तेव्हा वकील म्हणाला, "फुकट काढून दे, पैसे घेऊ नकोस."

या उत्तराचा अर्थ नीट समजून घ्यावा. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने 'एच-वन-बी' नावाचा नोकरीचा परवाना आजच्या रूपात आला. वर्षाला ६५,००० नवे परवाने आणि तेथील वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००, अशी त्याची मर्यादा आहे. अलीकडच्या वर्षांत मंजूर अर्जांपैकी दहांत सुमारे सात भारतात जन्मलेल्यांचे असतात. म्हणजे हा प्रश्न परक्यांचा नव्हे, आपला आहे. परवाना आधी तीन वर्षांचा, मग वाढवून सामान्यतः सहा वर्षांचा. पण खरी मेख मुदतीत नाही. हा परवाना माणसाला काम करण्यासाठी दिलेला नसतो. अमुक मालकाकडे अमुक काम करण्यासाठी दिलेला असतो. दुसऱ्या मालकाने रीतसर स्वतंत्र अर्ज केला तर त्याच्याकडेही काम करता येते, मालक बदलताही येतो. हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. परंतु ज्याला आजची मुले फ्रीलान्स म्हणतात, त्या सुट्या कामाचे काय? आज या दुकानाचे पान सजवून दिले, उद्या त्या मासिकाचे भाषांतर केले, परवा एका मुलाला गणित शिकवले. असे दहा गिऱ्हाईक दहा अर्ज थोडेच करणार? तेव्हा ते काम निषिद्ध! गिऱ्हाईक अमेरिकेतले नसून पुण्याचे असले तरी सावध वकील हेच सांगतात. कारण त्यांच्या मते पैसा कोठून आला यापेक्षा काम करणारा देह कोठे बसला होता, हे महत्त्वाचे.

आता याच मुलाला त्याच परवान्यावर काय काय चालते ते पाहा. शेअर विकत घेऊन त्यांचा लाभांश खाणे चालते. बँकेत ठेव ठेवून व्याज घेणे चालते. कोथरूडला फ्लॅट घेऊन त्याचे भाडे घेणे चालते. हे सारे उत्पन्न त्याने झोपेत मिळवले तरी कायद्याचे काही म्हणणे नाही. कर भरला की झाले. पण तोच जागा राहून, बोटे चालवून, डोळे शिणवून चार पैसे मिळवू लागला की नियमभंग! पैशाने पैसा मिळवला तर ती गुंतवणूक आणि हाताने मिळवला तर तो अपराध. श्रमाची प्रतिष्ठा म्हणून आम्ही मास्तर लोक वर्गात जे घसा कोरडा करून शिकवतो, ते हेच काय?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. "तेथील कामगारांच्या मजुरीचे रक्षण नको का?" हवे, अवश्य हवे. परका स्वस्तात राबला की घरच्याचे पोट मारले जाते, हे गिरण्यांच्या संपांनी घडलेल्या महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. म्हणूनच या परवान्यावर माणूस घेताना त्या भागातल्या रिवाजाप्रमाणे वेतन देण्याचे बंधन मालकावर आहे, आणि ते योग्य आहे. परंतु जरा या मुलाच्या धाकट्या भावाकडे बघा. तो साताऱ्याला आपल्या माडीवर बसला आहे. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचे काम तो इंटरनेटवरून घेतो, रात्रीतून करतो आणि डॉलरात पैसे घेतो. त्याला व्हिसा लागत नाही. रिवाजाच्या वेतनाचे बंधन त्याच्या गिऱ्हाइकावर नाही. साताऱ्याच्या खर्चात त्याचे भागते, म्हणून तो दरही कमी लावतो. थोरला भाऊ न्यू जर्सीचे घरभाडे भरतो, न्यू जर्सीच्या दुकानातून दूध घेतो आणि तेथेच कर भरतो. तो तेवढ्या कमी दरात काम करूच शकत नाही. मग ज्याच्यापासून मजुरीला धोका कमी त्याला बंदी, आणि ज्याच्यापासून अधिक त्याला रान मोकळे, हे रक्षण कोणाचे झाले? साताऱ्याच्या भावाचे काम बंद करा, असे मी म्हणत नाही. ज्या भिंतीला एका बाजूने दारच नाही, तिथे दुसऱ्या बाजूने पहारा कशाला, एवढेच विचारतो.

खरी गोष्ट अशी की ही भिंत दुसऱ्या काळासाठी बांधली होती. परवान्याशिवाय माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड करणारा अमेरिकेचा कायदा १९८६ चा. त्या वेळी काम म्हणजे कारखाना, शेत, हॉटेलचे स्वयंपाकघर किंवा कचेरी. काम कोठे चालले आहे हे दिसत असे आणि मालक कोण हेही दिसत असे. आज काम मांडीवर मावते. कायदा मात्र अजून कारखान्याच्या फाटकाशी उभा राहून हजेरी घेत आहे.

दुसरा आक्षेप आपल्या माणसांचा. "सही करून गेला ना? कोणी ढकलले होते का?" कोणी ढकलले नव्हते, हे खरे. पण सही केली म्हणून अट न्याय्य ठरत नाही. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर जे गिरमिटिये गेले, त्यांनीही अंगठे उठवले होते. त्यांत आपल्या मुलखातलेही होते. गिरमिटाची भरती १९१७ साली थांबली ती अंगठे खोटे ठरले म्हणून नव्हे, तर अटच माणुसकीला धरून नाही, असा या देशात गिल्ला झाला म्हणून. आजचा एंजिनियर गिरमिटिया नव्हे. त्याला पगार चांगला आहे, मोटार आहे, विमानाचे तिकीट काढून तो उद्या परत येऊ शकतो. त्या दुःखाशी याची बरोबरी करणे हा त्या पूर्वजांचा अपमान होईल. पण गाठीची जात एक आहे: ज्याच्याकडे चाकरी, त्याच्याच हाती त्या देशात राहण्याचा हक्क.

ही गाठ केव्हा काचते, तर नोकरी गेल्यावर. २०१७ च्या जानेवारीपासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे अशा माणसाला फार तर साठ दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात दुसरा मालक शोधा, दुसरा परवाना मिळवा, नाही तर मुलांची शाळा मध्येच सोडून गाशा गुंडाळा. या साठ दिवसांत घरात पैसा येणे बंद, आणि अंगी कसब असूनही सुटे काम घेण्यास बंदी! २०२२ आणि २०२३ साली संगणकाच्या कंपन्यांनी माणसे कमी केली, तेव्हा कित्येक घरांनी हे साठ दिवस बोटांवर मोजले. ज्याच्यापाशी शेअर होते त्याने ते विकून खाल्ले. ज्याच्यापाशी केवळ हात होते, त्याने ते बांधून बसावे, असा कायद्याचा उपदेश.

घरातल्या बायकोची तऱ्हा तर याहून निराळी. नवऱ्याच्या परवान्यामागोमाग तिला 'एच-फोर' मिळतो. येथे बँकेत, कॉलेजात नाही तर इस्पितळात नोकरी करणारी मुलगी तेथे उतरताच कायद्याने निरुद्योगी होते. २०१५ च्या मे महिन्यापासून काहीजणींना कामाची मोकळीक मिळाली. पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची वाटचाल ठराविक टप्प्यावर आली असेल त्यांनाच. आणि ती वाटचाल कशी? नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,०००, आणि कोणत्याही एका देशाला त्यांतली सर्वसाधारणपणे शेकडा सातच. रांगेत उभ्या राहिलेल्या भारतीयाचे केस पांढरे होतात. आपल्याकडे लग्न जुळवताना मुलाचा पगार विचारतात, पत्रिका बघतात. मुलीला तेथे काम करता येईल की नाही, हे किती जण विचारतात?

आता मी आपल्या घरच्यांकडे वळतो, कारण माझा राग निम्मा त्यांच्यावर आहे. असा पेच पडला की काका नाही तर मामा हमखास सल्ला देतात, "अरे, एवढे काय त्यात? पैसे इकडे बाबांच्या खात्यात घे. कोण बघायला येतो?" हा सल्ला प्रेमाचा असेल, पण तो विषारी आहे. अमेरिकेत रहिवासी ठरलेल्या माणसाचा कर त्याच्या जगभरच्या मिळकतीवर असतो. ती परवानगीवाचून मिळवलेली असली तरी कर चुकत नाही. म्हणजे सांगितले तर परवान्याचा भंग आणि लपवले तर करचुकवेगिरी. पुढे ग्रीन कार्डाच्या अर्जात, परवानगीवाचून कधी काम केले आहे का, असा सरळ प्रश्न असतो. तेथे खोटे लिहिणे हा मूळ नियमभंगापेक्षा मोठा गुन्हा. नोकरीच्या मार्गाने अर्ज करणाऱ्यांना एकूण १८० दिवसांपर्यंतचा असा भंग माफ होऊ शकतो, हे खरे. पण ती माफी म्हणजे परवानगी नव्हे. शिवाय चोरून काम करणाऱ्याचे पैसे गिऱ्हाइकाने बुडवले तर तो दाद कोणाकडे मागणार? चोरीचे श्रम हे जगातले सर्वांत स्वस्त श्रम असतात. ज्या स्वस्ताईच्या भीतीने बंदी घातली, ती स्वस्ताई बंदीनेच जन्माला येते!

कायद्याला दुसरी वाट दिसतच नाही, असेही नाही. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या परवान्यावर मूळ नोकरी सांभाळून ठराविक व्यवसायांत आठवड्याला वीस तासांपर्यंत दुसऱ्याकडे काम करता येते. त्याने त्या देशावर आकाश कोसळलेले नाही. अमेरिकेनेही आठवड्याचे काही तास, कर भरण्याच्या अटीवर, मोकळे सोडावेत. नोकरी सुटल्यावरच्या साठ दिवसांत तर ही मोकळीक असलीच पाहिजे.

आणि आपल्या सरकारनेही आपल्या माणसांची बाजू मांडावी. या मुलांच्या पगारातून सोशल सिक्युरिटीसाठी शेकडा ६.२ कापले जातात, तेवढेच मालक भरतो. पण निवृत्तिवेतनासाठी साधारण दहा वर्षांची भरती लागते. सहा वर्षांनी परवाना संपून जो परत आला, त्याला त्या पैशाचे निवृत्तिवेतन नाही. कारण दोन्हीकडची वर्षे एकत्र धरण्याचा करार अमेरिकेने कित्येक देशांशी केला असला तरी भारताशी केलेला नाही. कापताना तो कामगार, देताना पाहुणा!

मी दिवसा शाळेत शिकवतो आणि रात्री कादंबरी लिहितो. १९०९ साली 'मासिक मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हे अंक माझ्यासारख्या मास्तरांच्या आणि कारकुनांच्या रात्रींवरच उभे आहेत. या लेखाचे जे काही मानधन संपादक देतील ते मी उजळ माथ्याने घेईन. हाच लेख न्यू जर्सीत बसून लिहिला असता तर ते घ्यावे की नाही, हे वकिलाला विचारावे लागले असते. म्हणून त्या मुलाला मी एवढेच सांगितले, "रात्रीचे दोन तास तुझेच आहेत. ते चोरून विकू नकोस. ते तुझे आहेत हे मोठ्याने म्हणायला शिक." हे त्याने एकट्याने म्हणून भागणार नाही. पोराच्या डॉलरांचा हिशेब चारचौघांत सांगणाऱ्या आईबापांनीही ते त्याच्याबरोबर म्हटले पाहिजे.