वेळ आणि वेला

‘टाइम अँड टाइड’ ही इंग्रजी म्हण विद्यार्थ्यांच्या निबंधांतून हमखास अवतरते आणि ‘काळ व समुद्राची भरती कोणासाठी थांबत नाहीत’ असे तिचे भाषांतरही तितक्याच हमखासपणे केले जाते. वस्तुतः त्या म्हणीतील ‘टाइड’चा समुद्राशी मूळचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ वेळ, समय असाच होता. जर्मन भाषेतील काळवाचक ‘त्साइट’ हा त्याचाच सहोदर. भरती-ओहोटीच्या ठरलेल्या वेळांवरून तो पुढे पाण्याला चिकटला.

हे वाचून मराठी वाचकाने फारसे चकित होण्याचे कारण नाही. दिवसातून शंभरदा तोंडी येणारा आपला ‘वेळ’ संस्कृत ‘वेला’पासून आला, आणि अमरकोशात ‘वेला’चे अर्थ सांगितले आहेत ते तीन: समुद्राच्या पाण्याची चढउतार, काळ आणि मर्यादा. काठ ओलांडून वाहणारे ते ‘उद्वेल’. मराठीने त्यांतला काळ तेवढा ठेवला, त्यालाही पुल्लिंगी व स्त्रीलिंगी अशी दोन रूपे दिली, आणि पाण्यासाठी ‘भरती’ हा भरणे या क्रियेवरून झालेला शब्द पत्करला. नोकरीच्या जाहिराती चाळणाऱ्या तरुणाला आज त्या शब्दाने समुद्र आठवत नाही, ही गोष्ट निराळी!

व्यापाराच्या भाषेत मात्र ‘वेला’ दीर्घकाळ टिकली. बंदराला ‘वेलाकूल’ म्हणत. शिलाहार राजा अनंतदेव याच्या शके 1016 (इ. स. 1094) मधील खारेपाटण ताम्रपटात ठाणे, सोपारा, चौल या बंदरांचा उल्लेख याच शब्दाने येतो, आणि ताम्रपटाचा विषय आहे जकातमाफी. भिवंडी याच खाडीपट्ट्यातली. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ याच परिसरात झाला. भरतीबरोबर गलबत आत येई, ओहोटीबरोबर बाहेर पडे. तिथीला पाऊणने गुणले की भरतीचा सुमार कळतो, हा कोकणातला हिशेब. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चंद्राच्या गतीमुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, हे खलाशाला पुस्तकाविना ठाऊक होते.

आज यंत्रमागांच्या या गावाची वेळ पाळीच्या घड्याळावर चालते. गाठी ट्रकने येतात व ट्रकनेच जातात. खाडी जमाखर्चातून गळाली आणि तिच्या काठच्या खारजमिनी व भातशेते ‘रिकामी जागा’ ठरली. मग तेथे दुसरीच भरती सुरू झाली, मातीची. तिच्यावर गोदामे उभी राहिली. गोदामांनी रोजगार दिला हे नाकारण्यात अर्थ नाही; पण पाणी साठवून घेणारी जमीन नाहीशी झाल्याची किंमत गोदामाच्या भाड्यात कधीच धरली जात नाही. ती दुसऱ्याच कोणाच्या तरी घरात गुडघाभर पाण्याच्या रूपाने वसूल होते.

अमरकोशातला तिसरा अर्थ कायद्याने परत आणला, हा योगायोग मोठा बोलका आहे. 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने बांधकामाची मर्यादा भरतीरेषेपासून मोजण्याचे ठरवले. वेला म्हणजे मर्यादा ती हीच! परंतु खाडीलगतचा हा पट्टा 2011 च्या अधिसूचनेत 100 मीटर होता, तो 2019 च्या अधिसूचनेने 50 मीटर केला. खाडीची रुंदी त्याहून कमी असल्यास तेवढाच. कागदावरची रेषा अशी मागे घेता येते. पाण्याला ती सोय नाही. कामवारीला पूर आला असताना खाडीत उधाणाची भरती असली, की नदीच्या पाण्याला बाहेर पडण्यास ओहोटीची वाट पाहावी लागते, आणि एका भरतीपासून दुसरीपर्यंतचे अंतर साडेबारा तासांहून किंचित कमी असते. तोवर काठच्या वस्त्यांतील लोक सामान माळ्यावर चढवून बसतात.