सरपंच कोणी निवडावा?

लोकशाहीच्या प्रकारांची तुलना करावयाची म्हटली की आपली दृष्टी लंडन आणि वॉशिंग्टनकडे वळते. परंतु संसदीय आणि अध्यक्षीय या दोन्ही पद्धतींचा प्रयोग, आणि तोही आळीपाळीने, महाराष्ट्राच्या सुमारे 28,000 ग्रामपंचायतींत गेल्या काही वर्षांत होऊन गेला आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. 2017 साली कायद्यात दुरुस्ती होऊन सरपंच थेट मतदारांनी निवडावा असे ठरले. 2020 साली नव्या सरकारने तो अधिकार सदस्यांच्या स्वाधीन केला. 2022 साली पुन्हा सत्तांतर झाले आणि थेट निवडणूक परत आली. ज्या नियमाने सत्ता मिळवावयाची तो नियमच सत्तेवर येणाऱ्याने दर वेळी बदलावा, ही गोष्ट मला कोणत्याही एका पद्धतीच्या दोषापेक्षा अधिक घातक वाटते.

सदस्यांनी आपल्यातून सरपंच निवडावा ही संसदीय रीत होय. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना डॉ. आंबेडकरांनी अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक आणि संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक असा भेद दाखविला होता, आणि मतदार पाच वर्षांनी एकदा हिशेब मागतात, पण सभागृह तो रोज मागते, या कारणासाठी मसुद्याचा कौल जबाबदारीच्या बाजूने दिला होता. हा युक्तिवाद मला आजही पटतो. परंतु जिथे सभागृह अवघ्या सात सदस्यांचे असते, तिथे रोजच्या हिशेबाचे रूपांतर रोजच्या सौद्यात होण्यास वेळ लागत नाही. दोघांनी बाजू बदलली की बहुमत फिरते, अविश्वास ठरावाची चाहूल लागताच सदस्यांना सहलीला पाठविले जाते, आणि सरपंचाची निम्मी मुदत खुर्ची राखण्यात खर्ची पडते. थेट निवडणुकीची मागणी या दुखण्यातून निर्माण झाली होती. राखीव जागेवर निवडून आलेल्या एखाद्या स्त्रीस, पॅनेलच्या पुढाऱ्यांच्या मेहेरबानीऐवजी साऱ्या गावाच्या मतावर पद मिळाले तर तिचा आवाज बळकट होतो, हेही नाकारता येणार नाही.

तथापि या औषधाचा उपद्रव मूळ व्याधीहून लहान नाही. सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्याचे, असे घडले की दोघेही लोकमताची सनद पुढे करतात आणि कामाचे ठराव अडून राहतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस यांच्यातील अशाच पेचामुळे 2018-19 च्या हिवाळ्यात संघराज्य सरकारच्या कारभाराचा मोठा भाग 35 दिवस बंद पडला होता. पण त्या देशात पेच सोडविण्यास न्यायालये, वृत्तपत्रे आणि प्रबळ राज्ये आहेत, गावात पंचायत समितीचे खेटे आहेत. शिवाय थेट निवडलेल्या सरपंचास दूर करावयाचे तर तीन-चतुर्थांश सदस्यांचा ठराव आणि त्यावर ग्रामसभेचे गुप्त मतदान, असा दुहेरी अडथळा ओलांडावा लागतो. म्हणजे स्थैर्य लाभते ते चांगल्यास आणि वाईटासही सारखेच.

मग सौदा आणि पेच यांपैकी एक पत्करणे भाग आहे काय? पश्चिम जर्मनीने 1949 च्या आपल्या मूलभूत कायद्यात याचे उत्तर दिले आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या वायमार प्रजासत्ताकात, परस्परांचे वैरी असलेले पक्ष केवळ सरकार पाडण्यापुरते एकत्र येत आणि नवे उभे करण्याची वेळ आली की पांगत. त्या अनुभवाने पोळलेल्या घटनाकारांनी असा दंडक घातला की ज्या मताने चान्सेलरास काढावयाचे त्याच मताने त्याचा उत्तराधिकारीही निवडला गेला पाहिजे. तेव्हापासून हा उपाय यशस्वी झाला तो एकदाच, 1982 साली, हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले तेव्हा. सरपंचाची निवड सदस्यांकडे सोपवून अविश्वास ठरावातच नव्या सरपंचाचे नाव घालण्याची सक्ती केली, तर केवळ पाडण्यासाठी जुळणाऱ्या युतीला आपला माणूस उजेडात आणावा लागेल आणि रोजचा हिशेबही शाबूत राहील. घोडेबाजार याने समूळ नष्ट होईल असे मी म्हणत नाही; तो पुष्कळ महाग मात्र होईल.

उरला प्रत्यक्ष लोकशाहीचा प्रश्न, आणि इथे गावाजवळ असे काही आहे जे दिल्लीजवळ असू शकत नाही: ग्रामसभा. स्वित्झर्लंडमधील ग्लारूस आणि आपेनत्सेल इनररोडन या दोन परगण्यांत नागरिक आजही उघड्या मैदानात हात वर करून कायदे ठरवितात. पण या दुसऱ्या परगण्यातील पुरुषांच्या सभेने स्त्रियांना स्थानिक मताधिकार देण्याचे वारंवार नाकारले आणि अखेर 1990 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयास तो देवविणे भाग पडले, हे विसरून चालणार नाही. जमलेले बहुमतही अन्याय करू शकते. म्हणूनच गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव मला अधिक मोलाचे वाटते; तिथे निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने होतात, त्यासाठी पुनःपुन्हा बसण्याची तयारी असते, आणि 2009 साली मिळालेल्या सामूहिक वनहक्काचा कारभार या गावाने याच रीतीने चालविला आहे. मोठ्या गावास इतकी सवड मिळणे कठीण, हे मान्य.

परंतु मोठ्या गावांत आज चालते काय? ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढीच असताना तीही होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट नसल्याने मोजक्या सह्यांवर साऱ्या गावाच्या नावाचे ठराव दप्तरी दाखल होतात. निदान खर्चाच्या आणि जमिनीच्या ठरावांपुरती तरी ही सवलत रद्द झाली पाहिजे. आणि सरपंच निवडीच्या पद्धतीत यापुढे जो बदल होईल, तो करणाऱ्या विधानसभेची मुदत संपेपर्यंत अमलात येऊ नये, अशी तरतूद त्याच दुरुस्तीत असावी.