वृकमानव, वाघ्या आणि पात्रविकासाचा हिशेब

टेबलाभोवती बसून, फासे टाकत सामूहिकपणे रचल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांना ‘संहिता’ म्हणावे की नाही, हा वाद आता शिळा झाला आहे. खरा वाद त्यांच्या नियमांत दडलेल्या पात्रकल्पनेशी आहे. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये पात्र अनुभवगुण साठवीत एकेक पातळी चढते. येथे विकास म्हणजे संचय. माणसाचा लांडगा होण्याचा प्रसंग या संचयाच्या हिशेबात बसत नाही, आणि नियमकर्त्यांची तारांबळ उडते.

या खेळाच्या २००३ च्या नियमांत दंशाने वृकमानव झालेल्या पात्राच्या पातळीत दोनची आणि जन्मजात वृकमानवाच्या पातळीत तीनची भर धरली जाते. वाढलेल्या सामर्थ्याची ही वसुली होय. २०१४ च्या नियमांनुसार शाप आपलासा करणाऱ्या पात्राची नीतिप्रवृत्ती बदलते आणि शाप उतरेपर्यंत ते पात्र सूत्रधाराने ताब्यात घ्यावे, अशी मुभा आहे. हे सारे खेळाच्या समतोलासाठी आहे, असा बचाव केला जातो. वसुलीपुरता तो मान्य करता येईल. पात्र काढून घेण्याचा समतोलाशी मात्र काहीही संबंध नाही. पशुत्व म्हणजे स्वत्वाचा लोप, हा सिद्धान्तच तेथे नियमाचे सोंग घेऊन येतो.

हा सिद्धान्त सार्वत्रिक नाही. छत्रपती संभाजीनगरलगतच्या सातारा गावापासून जेजुरीपर्यंत पसरलेल्या खंडोबाच्या उपासनेत वाघ्या आहे. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोनथायमर यांनी ही परंपरा अभ्यासली आहे. नावाने वाघ, गळ्यात व्याघ्रचर्माची भंडाऱ्याची पिशवी, आणि आचाराने देवाचा कुत्रा: भुंकणारा, कोटंब्यातले खाणारा. येथे पशुरूपाने व्यक्ती पुसली जात नाही. तिला देवाशी, जागरणाशी आणि यजमानाशी बांधणारे नाते मिळते. नवसापुरता घरवाघ्या आणि आजन्म दारवाघ्या हा भेदही सामर्थ्याचा नसून बांधिलकीचा आहे.

म्हणून वाघ्याला मुक्तीचे प्रतीक करणारी देशीवादी भाबडी समीक्षाही तितकीच फसवी ठरते. नवसापोटी लेकरे वाहिली गेली, मुरळी झालेल्या मुलींचे शोषण झाले. त्यांची संमती कोणी विचारली नाही. खेळात दंशाचा निर्णय फासा करतो, नवसात आईबाप करतात. दोन्हीकडे कळीचा प्रश्न एकच आहे: बदललेल्या जिवाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा?

सूत्रधाराने पात्र हिरावून घेतले, तर हा प्रश्न विचारण्याआधीच मिटतो. पौर्णिमेच्या रात्री केलेल्या हत्येचे उत्तर सकाळी ज्या पात्राने द्यायचे, ते खेळाडूच्याच हाती राहिले पाहिजे. त्या उत्तरदायित्वातच पात्राचा विकास आहे. उरलेली सारी केवळ गुणांची बेरीज.