स्वस्त सर्व्हर, महागड्या अटी

खास प्रतिनिधी

द्रोणागिरी : जवाहरलाल नेहरू बंदराच्या कुशीत वसलेल्या सिडकोच्या या नोडमध्ये कंटेनर गोदामे, क्लिअरिंग एजंट आणि ट्रेलरमालक यांचा संसार बंदराच्या वेळापत्रकावर चालतो. ट्रेलर कुठे पोहोचला, कोणत्या कंटेनरची कागदपत्रे बाकी आहेत, या नोंदी आता वहीत नव्हे, तर संगणकावर असतात. त्यासाठी दरमहा काहीशे रुपयांत मिळणारा व्हर्च्युअल सर्व्हर छोट्या व्यावसायिकाला परवडतो. मात्र पैसे भरताना 'मान्य आहे' या चौकटीवर टिचकी मारून त्याने नेमके काय मान्य केले, हे त्यालाही ठाऊक नसते.

व्हर्च्युअल सर्व्हर म्हणजे एका मोठ्या संगणकाचे सॉफ्टवेअरच्या साह्याने पाडलेले अनेक भाग. चाळीतल्या खोलीसारखाच हा प्रकार. खोली स्वतंत्र, पाण्याची टाकी सामाईक. सगळे भाडेकरू एकाच वेळी क्षमता वापरणार नाहीत, हे गृहीत धरून काही कंपन्या क्षमतेपेक्षा अधिक जागा विकतात. स्वस्ताईचे एक रहस्य येथे आहे.

दुसरे रहस्य अटींत दडलेले असते. प्रोसेसरचा वापर 'वाजवी' मर्यादेबाहेर गेल्यास पूर्वसूचनेविना सेवा थांबवण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते. 'वाजवी' म्हणजे किती, हे मात्र ती पुष्कळदा सांगत नाही. बिल थकल्यास ठरावीक दिवसांनी माहिती पुसली जाते. बॅकअपची जबाबदारी ग्राहकाची असते. '९९.९ टक्के' उपलब्धतेची हमी ठळक अक्षरांत असते. पण या हिशेबानेही महिन्याला सुमारे ४३ मिनिटे सर्व्हर बंद राहू शकतो. त्याहून अधिक खोळंबा झाल्यास भरपाई बहुधा पुढील बिलातील सवलतीपुरतीच. व्यवसायाचे नुकसान हजारोंचे, सवलत काही रुपयांची!

ही भीती काल्पनिक नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक इमारत जळाली. व्हर्च्युअल सर्व्हरसोबत बॅकअपचेही पैसे भरलेल्या एका ग्राहकाची मूळ माहिती आणि बॅकअप अशा दोन्ही प्रती त्याच इमारतीत होत्या. कंपनीने जबाबदारीच्या मर्यादेचे कलम पुढे केले. मात्र २०२३ मध्ये तेथील व्यापारी न्यायालयाने ते न मानता भरपाईचा आदेश दिला. बॅकअप वेगळ्या जागी ठेवण्याचे वचन करारात होते, म्हणूनच त्या ग्राहकाला दाद मागता आली.

आपल्याकडे 'सर्ट-इन'ने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार व्हर्च्युअल सर्व्हर पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, आयपी पत्ते आदी माहिती सेवा संपल्यानंतरही किमान ५ वर्षे जपायची आहे. सायबर घटनेची खबर ६ तासांत द्यायची आहे. हे नियम तपास यंत्रणांच्या सोयीचे आहेत. ग्राहकाचा डेटा बुडाल्यास ते कामी येत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही व्यापारी हेतूने सेवा घेणारा सहसा 'ग्राहक' ठरत नाही. उरतो तो करार, आणि त्यातील न्यायक्षेत्र अनेकदा परदेशातले असते. पनवेलला २०२० मध्ये योट्टाचे मोठे डेटा सेंटर उभे राहिले. पण सर्व्हर शेजारी असल्याने करारही आपल्या बाजूचा होतो, असे नव्हे.

संगणक बंद पडला की काय होते, हे या परिसराने पाहिले आहे. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' हल्ल्याने मर्स्क समूहाची यंत्रणा ठप्प झाली, तेव्हा याच बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले होते. बलाढ्य समूह त्यातून सावरला. चार ट्रेलरच्या मालकाकडे तेवढे बळ नसते.

म्हणूनच दर पाहण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: सेवा थांबवण्यापूर्वी किती दिवसांची सूचना मिळेल, बॅकअप कोठे राहील आणि दावा कोणत्या न्यायालयात चालेल. शिवाय नोंदींची एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे किंवा स्वतःच्या कार्यालयात ठेवावीच. एका हार्ड डिस्कचा हा खर्च बुडालेल्या वर्षभराच्या हिशेबापेक्षा खचितच कमी आहे.