जलपर्णीचे 'आक्रमण' : एका शब्दाची झडती

दर उन्हाळ्यात मराठी वृत्तपत्रांत एक मथळा ठरलेला असतो : 'धरणाला जलपर्णीचा विळखा'. खालच्या बातमीत वनस्पती आक्रमण करते, फास आवळते, जलाशय गिळंकृत करते. सर्व क्रियापदांचा कर्ता वनस्पतीच. पाणी कोणी अडवले आणि त्यात काय सोडले, हे प्रश्न वाक्यरचनेतच बुडून जातात.

मित्रहो, आजचा धागा या वाक्यरचनेविरुद्ध आहे. साक्षीसाठी आफ्रिकेतील झांबेझी नदीवर जाऊ, कारण तेथे हा आरोप तारखांवर घासून पाहता येतो.

करिबा धरण आज झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्या सीमेवर आहे. ते उभे राहिले तेव्हा दोन्ही प्रदेश ब्रिटिशांच्या मध्य आफ्रिकी संघराज्यात होते. १९५६ साली जागतिक बँकेने त्यासाठी ८ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. वीज हवी होती ती प्रामुख्याने ताम्रपट्ट्यातील खाणींना. डिसेंबर १९५८ मध्ये नदी अडली आणि १९६३ पर्यंत सुमारे २८० किलोमीटर लांबीचा जलाशय भरला.

मे १९५९ मध्ये, म्हणजे अवघ्या पाच महिन्यांत, त्या पाण्यावर साल्व्हिनिया दिसली. हे एक तरंगते नेचे आहे. १९६२ पर्यंत तिने सुमारे १,००० चौरस किलोमीटर पाणी झाकले. तेव्हाच्या जलाशयाचा जवळजवळ पाचवा भाग. वाऱ्यापासून सुरक्षित अशा काठच्या खोबणींत अर्धवट बुडालेल्या झाडांचे शेंडे उभे होते. त्यांत अडकून तिचे थर घट्ट झाले. त्या थरांवर लव्हाळ्याच्या कुळातील वनस्पती रुजल्या, त्यांच्या मुळांनी थर अधिकच विणला गेला, आणि जेथे किनारा असायला हवा तेथे तरंगती दलदल तयार झाली. होडी काठाला लावणे आणि जाळे टाकणे दोन्ही दुष्कर झाले.

आता 'आक्रमणा'ची तारीख तपासू. हीच वनस्पती झांबेझीत, व्हिक्टोरिया धबधब्याच्या वरच्या अंगाला, १९४९ पासून नोंदलेली होती. दहा वर्षे ती त्या नदीत होती आणि नदी वाहत होती. १९५८ नंतर वनस्पती बदलली नाही. बदलली ती नदी.

आणि बदललेल्या नदीने तिला जेवूही घातले. मासेमारी सुलभ व्हावी म्हणून बुडित क्षेत्रातील जंगलाचा काही भाग आधीच तोडून जाळण्यात आला होता. ती राख, बुडालेली माती आणि पाण्याखाली कुजणारी झाडे यांनी नव्या जलाशयात पोषकद्रव्यांची अशी पंगत मांडली की कोणतेही तण तृप्त व्हावे. पुढे ही शिदोरी सरत गेली, जलाशय भरून मोकळ्या पाण्यावर लाटा उठू लागल्या, आणि थर आक्रसले. १९७० च्या सुमारास तेथे दक्षिण अमेरिकेतील एक नाकतोडाही सोडण्यात आला. ओहोटीचे श्रेय त्याला किती द्यावे यावर अभ्यासकांत वाद आहे. थर आधीच घटू लागले होते, ही गोष्ट मात्र त्या वादातही विसरू नये.

आणखी एक मुद्दा वनस्पतीच्या जन्माचा. साल्व्हिनियाच्या या जातीचे बीजाणू रुजत नाहीत. तुकडा मोडतो आणि त्या तुकड्यातूनच ती वाढते. अशा वनस्पतीने महासागर कसा ओलांडला असेल? श्रीलंकेत ती १९३९ साली कोलंबोच्या वनस्पतिशास्त्र विभागासाठी आणली गेली. आक्रमकाला आपणच पाहुणा म्हणून बोलावले होते.

मूळ दक्षिण ब्राझीलच्या या वनस्पतीला केरळात 'आफ्रिकन पायल' म्हणतात. दुसऱ्या एका दक्षिण अमेरिकी वनस्पतीला, म्हणजे आपल्या जलपर्णीला, बंगालमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात 'जर्मन पाना' हे नाव पडले. शत्रू त्या काळी जो असेल, त्याचे नाव तणाला. इंग्रजीत मात्र साल्व्हिनियाला 'करिबा वीड' असेही म्हणतात. भूगोलाच्या दृष्टीने हे नाव चूक. इतिहासाच्या दृष्टीने मला तेच सर्वांत प्रामाणिक वाटते.

चुकीच्या नावाची किंमतही मोजावी लागली. १९७२ पर्यंत ही वनस्पती दुसऱ्याच जातीच्या नावाखाली मोडत होती, त्यामुळे तिचे नैसर्गिक शत्रू भलत्याच प्रदेशांत शोधले गेले. खरे माहेर १९७८ मध्ये सापडले. तेथून नेलेल्या एका सोंड्या भुंग्याने १९८०-८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील मूनडारा जलाशय जवळजवळ स्वच्छ केला. (तो जलाशयही १९५८ सालचाच आणि खाणीसाठीच बांधलेला.) तेव्हा 'तण काढूच नये का?' असे कृपया विचारू नका. काढावेच. माझा आक्षेप खोट्या फिर्यादीला आहे.

कारण करिबात खरी अतिक्रमणे नोंदलेली आहेत. सुमारे ५७,००० टोंगा लोकांना त्यांच्या नदीकाठावरून उठवण्यात आले. सप्टेंबर १९५८ मध्ये हलण्यास नकार देणाऱ्या एका गावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ जण मारले गेले. त्याच पाण्यातून वन्यप्राणी वाचवण्याची मोहीम 'ऑपरेशन नोआ' म्हणून जगभर गाजली. प्राण्यांना सहानुभूती मिळाली, तणाला दोष मिळाला, आणि टोंगांच्या वाट्याला तळटीप आली.

आपल्याकडे उजनीत भीमा १९८० मध्ये अडली. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून तिकडेच उतरते, आणि बातमी येते ती जलपर्णीच्या 'विळख्या'ची. पुढील धागा उजनीवर लिहायचा आहे. करमाळा, इंदापूर, दौंड या भागांतील ज्यांच्या घरी बुडित गावांची किंवा जलाशयाच्या काठाची जुनी छायाचित्रे असतील, त्यांनी ती सालासह खाली जोडावीत. साल नक्की ठाऊक नसेल तर छायाचित्रात कोण आहे आणि त्याचे वय तेव्हा किती होते, एवढे लिहिले तरी पुरे.