पाणी पूर्वेला, प्रश्न पश्चिमेला

घोडेगाव मागे टाकून पश्चिमेकडे निघाले की घोड नदीवरचे डिंभे धरण लागते. भिंतीमागच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचे नाव आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला हा गिरणी कामगार याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले, ते जुने गाव मात्र या पाण्याखाली गेले. नाव उरले, गाव बुडाले. या वाटेने जाताना प्रत्येक वेळी माझ्या मनात एकच प्रश्न येतो : विकासाच्या हिशेबात ज्यांच्या वाट्याला फक्त वजाबाकी आली, त्यांच्या बाजूने वर्षानुवर्षे उभे राहायचे, तर ते कसे?

डिंभे हे कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी एक. माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे ही उरलेली चार जुन्नर तालुक्यात आहेत. पाऊस कोसळतो तो सह्याद्रीच्या कुशीतल्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवर. कालवे धावतात ते पूर्वेच्या बागायतीकडे, थेट श्रीगोंदा-करमाळ्यापर्यंत. दुष्काळी भागाला पाणी मिळू नये, असे कोणीच म्हणणार नाही. पण ज्याच्या भातखाचरावर हे पाणी साठले, त्याने पावसाळा सरताच नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर उभे राहून दुसऱ्याच्या मळ्यात राबावे, यात न्याय कोठे आहे?

या प्रश्नाला आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक या दांपत्याने आपले आयुष्य दिले. त्यांच्या ‘शाश्वत’ संस्थेच्या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती परिस्थितीप्रमाणे लढ्याची रीत बदलण्याची तयारी. धरण उभे राहिल्यावर केवळ त्याच्या नावाने बोटे मोडून पोट भरत नाही. मग पाणी ओसरताना उघड्या पडणाऱ्या जमिनीवर पीक घेण्याचा हक्क मागितला गेला. जलाशयातली मासळी बाहेरच्या ठेकेदाराने का न्यावी, असा सवाल उभा राहिला आणि विस्थापित आदिवासींची मच्छीमार सहकारी संस्था आकाराला आली. जे पाणी घर गिळून बसले, त्याच पाण्यात जाळे टाकायचे! याला कोणी तडजोड म्हणेल. मला तो चिवटपणा वाटतो. या कामाची दखल पुढे संयुक्त राष्ट्रांच्या इक्वेटर पुरस्कारानेही घेतली.

‘पडकई’चे उदाहरण आणखी बोलके आहे. डोंगरउतारावर दगडाचे बांध रचून भातखाचरे करायची आणि गावाने एकमेकांच्या शेतात मिळून श्रम करायचे, ही इथली जुनी पद्धत. संस्थेने तिला नवे बळ दिले, शासनाच्या योजनेतही तिला जागा मिळाली. आणि मग ३० जुलै २०१४ उजाडला. माळीण गावावर डोंगर कोसळला, दीडशेवर माणसे गेली. कारणांच्या चर्चेत अतिवृष्टीबरोबर यंत्रांनी केलेल्या जमीन सपाटीकरणाकडेही बोट दाखवले गेले आणि पडकईचे नाव वादात ओढले गेले. हाताने रचलेला बांध आणि यंत्राने कापलेला डोंगर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण कागदावर दोन्हींना एकच नाव मिळते. समतेच्या कामातला हा खरा धोका आहे. योजना मोठी होते, पैसा येतो, घाई येते आणि मूळ विचार मागे पडतो. अशा वेळी पुढाऱ्याची कसोटी लागते ती घोषणा देण्यात नव्हे, तर आपल्याच यशाची झाडाझडती घेण्यात.

लढ्याचे मैदानही सारखे बदलत गेले. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झाले आणि जंगलातला वावर हाच वादाचा विषय बनला. २००६ च्या वनहक्क कायद्याने मोर्चेकऱ्याच्या हातात दावा-अर्ज आणि नकाशा दिला. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडे झोडपली, तेव्हा भरपाईसाठी किसान सभेसह इथल्या लोकांना वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला. आंब्याच्या बागेचे नुकसान चटकन समजते. रानातला हिरडा हेही कुणाचे वर्षाचे उत्पन्न असते, हे मात्र समजावून सांगावे लागते.

जुन्नरच्या मातीला ही चिकाटी नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजींवाचून विवाह लावला, तेव्हा तो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. फुल्यांच्या सत्यशोधक विचाराची ती परीक्षा एका मंडपात सुरू झाली आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षे चालली.

आज आदिवासी गावांतली शिकलेली मुले मंचर, चाकण, पुण्याकडे जातात. जावेच. पण वनहक्काचा दावा वाचणारा, सहकारी संस्थेचा हिशेब विचारणारा, ग्रामसभेत उभी राहून बोलणारी अशी माणसे गावात उरणार की नाही, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. बाहेरून आलेले कार्यकर्ते आयुष्य देऊ शकतात, आयुष्यापलीकडचे देऊ शकत नाहीत. आपण पुणेकर भीमाशंकरला जातो, वाटेत धरणाचे पाणी डोळे भरून पाहतो. पुढच्या खेपेस क्षणभर थांबून एवढे आठवावे की, त्या निळ्या पाण्याखाली एक गाव आहे आणि त्याची माणसे अजून आपला वाटा मागत काठावर उभी आहेत.