जसं आलं तसं

मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराला माझ्या आत्यानं सांगलीतलं घर सोडलं. घर तळमजल्यावर, नदीपासून फार लांब नाही. मामांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. शेजारच्या दोन मुलांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावर न्यायला घेतलं. जिन्याच्या वळणावर खुर्ची कलली आणि मामा हातावर पडले. मनगट मोडलं. पाणी काही आलं नाही.

कोयनेतून पहाटेपर्यंत प्रचंड विसर्ग होणार, आयर्विन पुलापाशी पाणी धोक्याची पातळी ओलांडणार, असा तो मेसेज होता. आदल्या कुठल्यातरी वर्षाचा. त्यावर तारीख नव्हती. फॅमिली ग्रुपवर तो मी टाकला होता, दुपारी चारला, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून.

आत्या रागावली नाही. फोनवर एवढंच म्हणाली, "तू पाठवलंस म्हणून खरं वाटलं गं."

आता यातला खरा लाजिरवाणा भाग. त्याच रात्री नऊ वाजता तोच मेसेज माझ्याकडे दुसऱ्या वाटेनं आला होता, आणि तिथे मी तो अडवला होता.

ही दुसरी वाट म्हणजे पुण्यात आमच्या गच्चीवर चालणारा माझा पॅकेट रेडिओ बीबीएस. माझ्याकडे हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना आहे. गच्चीवर एक अँटेना, खाली खोलीत जुना व्हीएचएफ रेडिओ, त्याला शंभर-दोनशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड आणि एक रास्पबेरी पाय. पूर्वी मजकुराचा आवाज आणि आवाजाचा मजकूर करायला टीएनसी नावाचा वेगळा डबा लागायचा. आता ते काम डायरवूल्फ हे मोफत सॉफ्टवेअर करतं. १२०० आणि २२०० हर्ट्झ असे दोन सूर, सेकंदाला १२०० बिट. त्यावर लिनबीपीक्यू नावाचा कार्यक्रम सूचनाफलक चालवतो. परवानाधारक माणूस रेडिओवरून जोडला जातो, यादी पाहतो, निरोप वाचतो, नवा लिहितो, निघून जातो. माझा फलक रात्री शेजारच्या फलकाला गाठतो, त्याच्याकडचं नवं घेतो, आपलं देतो. अशा उड्या मारत निरोप पुढे जातो. इंटरनेट लागत नाही. माझे नेहमीचे वापरकर्ते अकरा आहेत. हसा.

हसून झालं असेल तर माझं म्हणणं ऐका. या अकरा जणांच्या जाळ्यात एक गोष्ट आहे, जी तुमच्या-माझ्या फोनमधल्या जाळ्यात नाही, आणि ती नसल्यामुळे माणसं मरतात. ती गोष्ट म्हणजे पुढे पाठवणाऱ्याचं नाव.

फलक उभा करताना पहिल्याच संध्याकाळी मला हे दिसलं. पॅकेट रेडिओची भाषा एएक्स.२५, तिचा दुसरा मसुदा १९८४ सालचा, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. तिच्यातल्या प्रत्येक पॅकेटच्या डोक्यावर पाठवणाऱ्याचं कॉलसाइन असतंच. निरोप एका फलकावरून दुसऱ्यावर गेला की प्रत्येक फलक त्याच्या माथ्यावर एक ओळ चढवतो: तारीख, वेळ, माझं नाव, माझ्याकडचा क्रमांक. पाच फलक ओलांडून आलेल्या निरोपावर पाच ओळी असतात. वाचणाऱ्याला अख्खा प्रवास दिसतो, कुठे किती दिवस अडकला हेसुद्धा. शिवाय प्रत्येक बुलेटिनला एक ओळखक्रमांक असतो. फलक आधी विचारतो, "माझ्याकडे हे हे आहे, देऊ का?" समोरचा प्रत्येकावर स्वतंत्र उत्तर देतो: घेतो, आहे माझ्याकडे, किंवा आत्ता नको. नको म्हणायचा हक्क यंत्रातच बसवलेला आहे.

याउलट व्हॉट्सॲपवर काय दिसतं? 'फॉरवर्डेड', किंवा फार तर 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स'. कोणी, कधी, कुठून, काही नाही. आत्याचं मनगट मोडल्यावर मी तो मेसेज मागे शोधत गेले. मला चुलतभावानं पाठवला होता, त्याला त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी, त्याला एका सोसायटीच्या ग्रुपवरून मिळाला. चौथ्या माणसापाशी धागा तुटला. चौघांनीही तेच सांगितलं, मीही तेच सांगितलं असतं: "मला जसं आलं तसं पाठवलं."

हे वाक्य आपल्या पिढीचं सर्वांत मोठं ढोंग आहे. पोस्टमन जसं आलं तसं पाठवतो, कारण पाकीट बंद असतं आणि पत्ता दुसऱ्यानं लिहिलेला असतो. तुम्ही पाकीट उघडलंत, वाचलंत, आणि चाळीस नवे पत्ते स्वतःच्या हातानं लिहिलेत. त्या चाळीस जणांनी विश्वास ठेवला तो तुमच्यावर. आत्यानं कोयना धरणावर विश्वास ठेवला नव्हता, इंजिनिअर भाचीवर ठेवला होता.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना, मुलं पळवणारी टोळी समजून, जमावानं ठार मारलं. तशा अफवा फोनवरून फिरत होत्या. पाठवणाऱ्यांपैकी कुणालाही वाटलं नसेल की आपण काही केलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्डवर पाचाची मर्यादा घातली. २०२० मध्ये बऱ्याच वेळा फिरलेल्या मेसेजवर एकाची. म्हणजे कंपनीलाही कळलं होतं की पुढे पाठवणं ही कृती आहे. पण त्यांनी हात मोजले, हाताला नाव दिलं नाही.

सरकारला काय सुचलं? २०२१ च्या आयटी नियमांत मोठ्या मेसेजिंग सेवांनी, आदेश आला तर, मेसेज सर्वांत आधी कुणी पाठवला हे सांगावं असं कलम आहे. मला ते नको आहे. एन्क्रिप्शनला भोक पाडून पहिला माणूस शोधायचा, म्हणजे उद्या पत्रकाराचा स्रोत शोधायचा आणि तक्रार करणारी बाई शोधायची. आणि पहिला सापडला तरी मधल्या चार हजार जणांचे हात धुतलेलेच राहतात.

या प्रश्नाशी पॅकेट रेडिओवाले फार आधी झगडले आहेत. १९९१ साली, आखाती युद्धाच्या दिवसांत, अमेरिकेतल्या हॅम फलकांवरून एक युद्धविरोधी बुलेटिन फिरलं. त्यात एका पैसे आकारणाऱ्या फोन नंबरवर मत नोंदवायचं आवाहन होतं. हौशी रेडिओवर व्यापारी मजकूर चालत नाही. तिथल्या एफसीसीनं फक्त लिहिणाऱ्याला नाही, तर ते पुढे पाठवणाऱ्या फलकचालकांनाही नोटिसा दिल्या. गदारोळ झाला. रात्री माणूस झोपलेला असताना यंत्रानं पुढे ढकललेल्या निरोपाला तो माणूस कसा जबाबदार?

१९९४ मध्ये नियम बदलला, आणि मला तो आजही शहाणपणाचा वाटतो. मुख्य जबाबदारी लिहिणाऱ्याची. पण ज्या पहिल्या फलकानं निरोप जाळ्यात घेतला, त्यानं एक तर लिहिणाऱ्याची ओळख पटवून घ्यायची, नाहीतर जबाबदारी स्वतःवर घ्यायची. पुढच्यांच्या हातून नकळत गेलं तर त्यांना दोष नाही. मात्र कळल्या क्षणी त्यांनी ते थांबवलंच पाहिजे.

तिसरी पायरी पुन्हा वाचा. कळल्या क्षणी.

हा नियम भारतात लागू नाही, पण माझा फलक मी त्याच धर्तीवर चालवते. कुणाचंही बुलेटिन आलं तरी मी वाचेपर्यंत ते रोखलेलं राहतं. त्या रात्री नऊला मी यादी पाहिली तर एका ओळखीच्या कॉलसाइनचं बुलेटिन थांबलेलं होतं: कोयना, विसर्ग, आयर्विन पूल. मी सवयीनं विचारलं, "कुठून मिळालं? तारीख काय?" उत्तर सकाळी आलं, "व्हॉट्सॲपवरून, तारीख माहीत नाही." बुलेटिन गेलं नाही.

नऊ वाजता मला शंका आली होती. मेसेज तोच आहे हेही कळलं होतं. आत्यानं घर सोडलं साडेअकराला. मधले अडीच तास माझ्या हातात होते आणि फॅमिली ग्रुपवर जाऊन "थांबा, मी पाठवलेलं तपासलेलं नाही" असं लिहावं, हे मला सुचलंसुद्धा नाही. फलकावर माझं नाव होतं, ग्रुपवर नव्हतं. माणूस तीच, बोटं तीच.

माझ्यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. अकरा जणांची कोट्यवधींशी काय तुलना? तुलना आकाराची नाहीच. प्रवासाची ओळ चढवायला काही बाइट लागतात. माझ्या सेकंदाला १५० बाइटच्या जाळ्याला ते परवडतं, तर तुमच्या फायबरला का नाही? दुसरा आक्षेप: परवाना घेऊनच बोलायचं, ही कसली लोकशाही? खरं आहे. बोलायला परवाना असावा असं मी म्हणत नाही. शिवाय एएक्स.२५ मध्ये कॉलसाइन खोटंही लावता येतं, आणि सगळं उघड्यावर असल्यानं साधा पासवर्डही कुणालाही ऐकू येतो. माझं जाळं पवित्र नाही. लिहिणारा निनावी राहू दे. पण निनावी मजकूर माझ्यामार्फत तुमच्यापर्यंत येतो, तेव्हा निदान मी तरी निनावी नसावं.

तिसरा आक्षेप कायद्याचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं की सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी, समान हेतू नसेल तर, ग्रुप ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. निकाल बरोबरच आहे. ॲडमिनला तुरुंगात टाकायचं नाही. पण तुरुंग नाही म्हणजे जबाबदारीही नाही, हे कुणी ठरवलं?

ठरवलं आम्हीच, माझ्या धंद्यानं. दिवसभर मी ॲप लिहिते. आमच्याकडे वापरकर्ता थांबला की तो दोष धरतात. एक टॅप कमी केला की शाबासकी मिळते. माझ्या फलकावर सहाशे चिन्हांचा मराठी निरोप पाठवायचा तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे किमान बारा सेकंद. आणि तेवढा वेळ त्या फ्रिक्वेन्सीवरचे बाकीचे गप्प बसून वाट पाहतात. आपण बोलतो तेव्हा दुसऱ्याचा वेळ घेतो, हे तिथे कानांना ऐकू येतं. आम्ही ते बारा सेकंद पुसले आणि त्याला प्रगती म्हटलं.

तुम्ही अँटेना लावा असं मी सांगत नाही. कंपन्या आणि सरकार यांची वाट पाहा असंही नाही. पुढचा मेसेज पाठवताना त्याच्या माथ्यावर स्वतःची एक ओळ लिहा: कुणाकडून आला, कधी आला, मी तपासला की नाही. बास. गेले आठ महिने मी फॅमिली ग्रुपवर हे करते आहे. पहिल्यांदा सगळ्यांनी चेष्टा केली. बहुतेक वेळा ती ओळ लिहिताना लक्षात येतं की लिहिण्यासारखं काहीच माहीत नाही, आणि मेसेज तिथेच राहतो.

परवा चुलतभावानं कसल्याशा भेसळीचा व्हिडिओ टाकला. खाली आत्याचा प्रश्न आला, "कधीचा आहे रे? कुणी दिला?" अजून त्याचं उत्तर आलेलं नाही.